आण्णांच्या नावाचा पहिला भाग

आई एरवी मला रात्री जेवणं झाल्यावर फोन करते. भरदुपारी तिचा फोन आला की मी हातातलं काम सोडतो, कारण दुपारचा फोन दोनच गोष्टींसाठी असतो. भावकीत कुणीतरी गेलेलं असतं, नाहीतर टीव्हीवरच्या त्या विनोदी कार्यक्रमाचं नवं पर्व सुरू होणार असतं. गेल्या शनिवारी मी भोरमधल्या माझ्या खोलीच्या गच्चीत कपडे वाळत घालत होतो, तेव्हा असा फोन आला.

"आज हाय बग पहिला भाग," ती म्हणाली. "साडेधाला. तू येशील नव्हं? तात्यान्ला वरनं आणावं लागंल. त्यान्ला आता आंधारात उतार झेपत न्हाई."

"येतो की," मी म्हणालो.

"नसरापुरातनं भेळ आन. कांदा येगळा बांदाया सांग. न्हाईतर पाणी सुटतंय."

हे ती मला गेली सात वर्षं सांगते. त्याआधी आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगायची.

चार वाजता गाडी काढली. भाटघरवरून कापूरहोळ, तिथून नसरापूर, मग डावीकडं आत विंझरचा रस्ता. त्या रस्त्यावर मी डोळे मिटून बसलो तरी कुठलं गाव आलं ते नाकानं सांगेन. कार्तिकात भात कापून झालेलं असतं. खाचरांतून ओल्या पेंढ्याचा गोडसर वास येतो, मध्येच कुणीतरी मळणीचा भुसा पेटवलेला असतो, गोठ्यांपाशी शेणाचा आणि धुराचा मिसळलेला ऊबदार वास असतो. या सगळ्यात एक वास आता नाही, तो मला अजून खटकतो. आंबूस दुधाचा आणि डिझेलचा एकत्र वास. तो आमच्या टेम्पोचा वास होता, आणि म्हणून तो आण्णांचाही वास होता.

आण्णा दुधाचा टेम्पो चालवायचे. पहाटे चारला निघायचं, वेल्ह्याकडच्या वाड्या-वस्त्यांवरून दुधाचे कॅन भरायचे आणि सात वाजायच्या आत नसरापूरच्या डेअरीत ओतायचे. पाऊस असो, लग्न असो, ताप असो, गाई-म्हशी काही सुट्टी घेत नाहीत, त्यामुळे आण्णाही घेत नसत. अशा माणसानं रात्री साडेनवाला अंथरुणावर पडायला हवं. सोमवार ते शुक्रवार ते पडायचेही. पण शनिवार-रविवारी ते साडेअकरापर्यंत टीव्हीपुढून हलायचे नाहीत.

त्या कार्यक्रमाचं नाव आमच्या घरात कुणी घेत नसे. नुसतं 'कार्यक्रम' म्हटलं की तोच. दहा-बारा मिनिटांची एकेक स्किट, चार-पाच नट, मिशीवाला माणूस साडी नेसून यायचा, एखादा पडायचा, एखादा चापटी खायचा. मी कॉलेजात गेल्यावर मला त्यातले अर्धे विनोद पांचट वाटायला लागले होते. तसं मी एकदा आण्णांना म्हणूनही दाखवलं. ते रागावले नाहीत. "आसंल," म्हणाले, "पर हसू तर येतंय ना?" शहाणपणाचा आव आणायची मला खोड आहे आणि ती अजून गेलेली नाही.

सकाळी कार्यक्रम पुन्हा लागायचा. तो बघा आणि रात्री झोपा, असं आई म्हणायची. आण्णा म्हणायचे, "शिळी भाकर चालंल, शिळा इनोद न्हाई चालायचा."

नव्या पर्वाचा पहिला भाग म्हणजे आमच्या घरी सणच. आण्णा सकाळीच येताना भेळ बांधून आणायचे. संध्याकाळी डेअरीतून आलेले कॅन नेहमीपेक्षा लवकर विसळायचे. अंघोळ करायचे, धुतलेला सदरा घालायचे. टीव्ही बघायला धुतलेला सदरा घालणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. आई म्हणायची, "ते बगाया बसल्यात का तुमाला?" आण्णा म्हणायचे, "आपुन त्यांच्या म्होरं बसतुया, का न्हाई?"

आणि मग त्यांचं हसणं. विनोद व्हायच्या आधीच ते सुरू व्हायचं. आधी आवाज नसायचा. नुसते खांदे हलायचे, आणि घशातून कोरडा हापसा ओढल्यासारखा आवाज यायचा, खस्स, खस्स. दोन-चारदा कोरडं ओढून झालं की मग पाणी फुटावं तसं एकदम मोठ्यानं फुटायचं. शेवटी डोळे पुसत, दम खात, "आरं बाबो, बाबो, बाबो" म्हणायचे. तीनदाच. आई टीव्हीकडं कमी आणि त्यांच्याकडं जास्त बघायची. तिला कार्यक्रमातलं काही कळायचं असं मला वाटत नाही. ती कोरड्या हापशाची वाट बघत बसायची, आणि तो वाजला की पदर तोंडाला लावून हसायची.

एका वर्षी पहिल्या भागाच्या दिवशीच लाईट गेली. आमच्याकडं ती गेली की कधी येईल ते देवालाही माहीत नसतं. साडेनऊ वाजले, दहा वाजले. आण्णा अंगणात येरझाऱ्या घालत होते. मग त्यांनी काय करावं? टेम्पो मागं-मागं घेत खिडकीला लावला, त्याच्या बॅटरीला वायरी जोडल्या, एक जुना छोटा इन्व्हर्टर कुठूनतरी मागून आणला आणि टीव्ही चालू केला. सगळ्या वस्तीत मिट्ट काळोख आणि आमच्या एकट्या घरात टीव्ही. मिनिटाभरात आमची पडवी माणसांनी भरली. कुणी घोंगडी घेऊन आलं, कुणी पोरं खांद्यावर टाकून. भेळ इतकी वाटली गेली की माझ्या वाट्याला नुसती शेंगदाण्याची सालं आली. त्या रात्री वीसेक माणसं एकदम हसत होती आणि मला आतून फार अभिमान वाटत होता.

पहाटे चारला टेम्पो चालू होईना. बॅटरी पार उतरली होती. वेल्ह्याच्या वाड्यांवर दूध ताटकळत उभं. आण्णा घरोघर जाऊन हाका मारत फिरले, आणि रात्री हसून गेलेली सगळी माणसं डोळे चोळत टेम्पो ढकलायला आली. सगळ्यांच्या आधी, अनवाणी, मागच्या फळीला खांदा लावून उभे राहिले ते तात्या. टेम्पो उताराला लागला, धडधडला, तेव्हा तात्या हात झटकत एवढंच म्हणाले, "हास आता."

तात्या म्हणजे आण्णांचे थोरले भाऊ. तेव्हा त्यांचं घर आणि आमचं घर एका भिंतीनं जोडलेलं होतं. वरच्या रस्त्याला नवं घर त्यांच्या पोरानं नंतर बांधलं. आजोबा लवकर गेले आणि पंधराव्या वर्षी तात्यांच्या खांद्यावर औत आलं. आण्णा तेव्हा पाच वर्षांचे. म्हणजे आण्णांना भाऊ असा मिळालाच नाही, बापच मिळाला. मी लहानपणापासून तात्यांना बघतोय. शेतात, लग्नात, यात्रेत, सगळीकडं तोच चेहरा. रागीट नव्हे, पण दार लावून घेतलेला. त्यांना हसताना मी कधीही पाहिलं नव्हतं. माझ्या चुलतभावानंही पाहिलं नव्हतं, आणि तो तर त्यांचा पोटचा मुलगा.

शनिवारी रात्री आण्णांचा हापसा सुरू झाला की थोड्या वेळानं भिंतीवर काठी वाजायची. ठक ठक. "आरं चारला उठायचं हाय ना तुला?" भिंतीपलीकडून आवाज. आण्णा तोंडावर टॉवेल दाबून हसायचे. काठी पुन्हा वाजायची. हे इतकं ठरलेलं होतं की एखाद्या शनिवारी तात्या पाहुण्यांकडं गेलेले असले, तर आण्णांना चुकल्यासारखं व्हायचं.

आई आणि तात्या कधीच एकमेकांशी बोलत नसत. थोरल्या दिरापुढं बोलायचं नाही, ते आले की पदर पुढं ओढून आत जायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. कुणी सांगून नव्हे, हाडात भिनलेली. काही निरोप असला तर मी मधला. "तुज्या आईला म्हणावं, आमच्याकडं कालवण हाय." "तात्यान्ला सांग, च्या ठिवलाय." दोघं चार हातांवर उभी असली तरी मी सांगायचं. लहानपणी मला या कामाचा पोस्टमन असल्यासारखा रुबाब वाटायचा.

आण्णा गेले ते कार्तिकातच. कसे गेले ते इथं सांगत नाही, सांगून काही बदलत नाही. शेवटचे काही दिवस ते पुढच्या खोलीत पडून असायचे आणि टीव्ही बारीक आवाजात चालू असायचा. नव्या पर्वाची जाहिरात लागायला लागली होती. जाहिरात लागली की आण्णा माझ्याकडं बघून बोटं दाखवायचे. किती दिवस राहिले ते. बोलायला त्रास व्हायचा, पण बोटं बरोबर असायची. ते मोजण्यात आईनं धीर शोधला होता. एवढं ज्याला बघायचंय तो माणूस जाणार नाही, असं ती मला म्हणाली होती. अकरा दिवस आधी ते गेले.

आमच्यात तेरा दिवस टीव्ही लावत नाहीत. चुलतभावानं त्याच दिवशी एक पांढरा पंचा टीव्हीवर टाकला. त्याच खोलीत, जिथं आण्णांना ठेवलं होतं तिथं पिठावर दिवा, शेजारी स्टुलावर फोटो. आई आतल्या खोलीच्या कोपऱ्यात बसली ती बसलीच. रडत नव्हती. बायका येऊन तिच्या गळ्यात पडून रडायच्या, ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची. घासभर खायची, कारण समोर कुणी धरलेला असायचा. रात्री मी उठून बघितलं तर उघड्या डोळ्यांनी पडलेली.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवले. पलीकडच्या जांभळावर आठ-दहा कावळे बसलेले. एकही खाली येईना. आमच्याकडं याचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो, जाणाऱ्याचं काहीतरी मागं अडकलंय. मग एकेक जण पुढं होऊन हात जोडून शब्द द्यायला लागतो. मी म्हणालो, आईला अंतर देणार नाही. चुलतभाऊ म्हणाला, दुधाची लाईन बंद पडू देणार नाही. तात्या म्हणाले, "पोराच्या मागं मी हाय. काळजी करू नगंस." कावळे बसलेलेच. ऊन वर आलं. भात पिंडावर सुकायला लागला. तासाभरानं विधी सांगणारे काका हळूच म्हणाले, "आता दर्भाचा कावळा करून शिववू या. उशीर होतोय." जमलेल्या माणसांनी माना खाली घातल्या. दर्भाचा कावळा करावा लागणं म्हणजे माणूस अतृप्त गेला, हे सगळ्यांनी कबूल करण्यासारखं.

मी तात्यांच्या कानाशी गेलो. कसा धीर झाला कोण जाणे. म्हणालो, "तात्या, परवा कार्यक्रमाचा पहिला भाग आहे. आण्णा बोटं मोजत होते."

तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी दोन पावलं मागं सरलो. मग ते काकांना म्हणाले, "थांबा जरा." टोपी सारखी केली. पिंडाजवळ जाऊन उभे राहिले. आणि सगळ्या भावकीसमोर, मोठ्या आवाजात, जसं शेताच्या बांधावरून हाक मारावी तसं म्हणाले, "बगू रं तुजा कार्येकरम. मी सोता बगीन. तुज्या घरात बसून, तुज्या नावानं, शेवटपतोर बगीन. झालं का आता?"

कुणीही हसलं नाही. एक कावळा जांभळावरून उतरला, दोन उड्या मारून पुढं आला आणि मधल्या पिंडाला चोच मारून गेला. तात्या तोंड फिरवून नदीकडं बघत राहिले.

कावळ्याला दिलेला शब्द मोडता येत नाही. पण बारावा दिवस म्हणजे अजून सुतक. टीव्ही लावायचा? सुतकाच्या घरात, दिव्याशेजारी, हसवाहसवीचा कार्यक्रम? दोन दिवस भावकीत नुसती कुजबुज. कुणी म्हणालं, आवाज बंद ठेवून लावा. कुणी म्हणालं, तात्यांनी मोबाईलवर बघावं, शब्दही राहील आणि रीतही. तात्या ऐकून घेत होते. बाराव्या दिवशी संध्याकाळी ते मला म्हणाले, "तुज्या आईला इचार. तिला चालत आसंल तर."

मी आत जाऊन विचारलं. बारा दिवसांत तिनं मला पहिल्यांदा सरळ उत्तर दिलं. "त्यान्ला सांग, नुसतं डोळं लावून बसणं म्हंजे बगणं न्हवं. ते हसायचं."

मी तो निरोप तात्यांना जसाच्या तसा दिला. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला अजून आठवतं. एखाद्या सरळ माणसाला येत नसलेलं काम सांगावं, तसा.

साडेदहाला घर भरलं होतं. सतरंजीवर पंचवीस-तीस माणसं, भजनाला बसावीत तशी मांडी घालून. बायका आत, आईभोवती. तात्यांनी स्वतः टीव्हीवरचा पंचा काढला, चार घड्या घालून बाजूला ठेवला. मग त्यांनी स्टुलावरचा आण्णांचा फोटो उचलला आणि त्याचं तोंड टीव्हीकडं करून ठेवला. दिव्यात तेल घातलं. खुर्चीवर ताठ बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. म्हणाले, "लाव."

कार्यक्रमाचं संगीत सुरू झालं. रंगीबेरंगी दिवे, नाचत येणारे नट, आणि इकडं तीस गंभीर चेहरे. पहिलं स्किट झालं. टीव्हीतले लोक खो-खो हसत होते, आमच्याकडं कुणाच्या घशातून श्वासही फुटला नाही. सुतकाच्या घरात पहिलं हसण्याचं पाप कोण घेणार?

जाहिराती लागल्या तेव्हा तात्या माझ्याकडं वळले. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "ह्यात हसायचं कुटं आसतं? तो कुटं हसायचा?"

"तुम्हाला सांगतो," मी म्हणालो.

मी सतरंजीवर त्यांच्या पायाशी जाऊन बसलो. दुसऱ्या स्किटमध्ये साडी नेसलेला नट आला, पाय पदरात अडकून पडला. मी म्हणालो, "हितं, तात्या." तात्यांनी "हॅ हॅ" केलं. कोरडं, दोनदा, ओंजळीतून पाणी सोडावं तसं. पुढं एकानं दुसऱ्याला चापटी मारली. "हितं." "हॅ हॅ." म्हातारीची कवळी चहात पडली. "हितं." "हॅ हॅ." कुणालाच ते विचित्र वाटलं नाही. माणसं माना खाली घालून ऐकत होती, आणि प्रत्येक वेळी तात्या फोटोकडं एक नजर टाकत होते, पोचलं का असं विचारल्यासारखी.

तिसऱ्या स्किटमध्ये एक शहरी जोडपं म्हैस विकत घेतं. म्हैस म्हणजे काळ्या कापडाखाली वाकलेले दोन नट. पुढच्या अर्ध्याला चालायचं होतं, मागच्या अर्ध्याला बसायचं होतं. ओढाताण झाली, कापड टराटरा फाटलं, आणि म्हशीची मागची बाजू पुढच्या बाजूला हात जोडून म्हणाली, "माफ करा, तुम्ही व्हा पुढं."

मी अजून "हितं" म्हणालो नव्हतो. शेजारून आवाज आला, खस्स. मी वर बघितलं. तात्यांचे खांदे हलत होते. खस्स, खस्स. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते, जणू कुणीतरी त्यांना आतून हलवतंय. आणि मग ते फुटलं. आख्ख्या घरात भरून राहिलं. ते आण्णांचं हसणं होतं. तसंच चढणारं, तिथंच अडखळणारं, आणि शेवटी डोळे पुसत, दम खात, "आरं बाबो, बाबो, बाबो."

आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. माहीत कसं असणार? ते हसणं सत्त्याहत्तर वर्षं भिंतीपलीकडं बंद होतं.

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. आई दारात आली. डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरलेला, केस मोकळे. तीस माणसं बसलीत याचं तिला भान नव्हतं. तिनं आधी आण्णांच्या रिकाम्या जागेकडं बघितलं, मग तात्यांकडं. आणि माझ्यामार्फत नव्हे, सरळ त्यांच्या तोंडाकडं बघत, लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा ती त्यांच्याशी बोलली.

"भावजी, आजून येकदा हसा."

तात्यांनी मान खाली घातली. "आसं मागून येत न्हाई, सुमन," ते म्हणाले. "पुढल्या शनवारी येतो मी."

आई तिथंच खाली बसली आणि रडली. बारा दिवसांचं सगळं रडली. बायकांनी तिला धरलं, पुरुष उठून हळूहळू बाहेर गेले. मी टीव्ही बंद करायला गेलो तर तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ दे. शेवटपतोर बगीन म्हणलोय."

तेव्हापासून तात्या शनिवारी येतात. आधी भिंतीपलीकडून यायचे, वर राहायला गेल्यावर काठी टेकत उतरून यायला लागले. आता कार्यक्रम बराच बदलला. जुने नट गेले, नवी पोरं भरभर बोलतात, तात्यांना अर्धं ऐकू येत नाही. वस्तीत कुणी आता रात्री जागत नाही, सगळे दुसऱ्या दिवशी मोबाईलवर तुकडे बघतात. रस्त्याकडेला फार्महाऊसं झाली, दूध कमी झालं, टेम्पो विकून टाकला. तरी वर्षातून आठ-दहा वेळा तरी तात्यांना ते हसू यायचं. आई पदर न ओढता पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसायची. ती टीव्हीकडं बघायची नाही. डोळे मिटून बसायची.

गेल्या शनिवारी मी तात्यांना गाडीवर मागं बसवून खाली आणलं. त्यांचं वजन आता पोत्यातल्या भुशाइतकं. गेल्या पावसाळ्यापासून दम लागतो, डॉक्टरांनी जास्त हालचाल करू नका म्हणून सांगितलंय. सगळ्या उतारभर त्यांनी माझा खांदा सोडला नाही. आईनं कांदा वेगळा काढून भेळ कालवली. तिघंच होतो. ओट्यावर मांजर.

पहिला भाग रटाळ निघाला. खोटं कशाला सांगू, एकही विनोद धड नव्हता. मी मनातल्या मनात त्या नटांना हात जोडत होतो, पडा रे कुणीतरी, काहीतरी फाडा. पहिलं स्किट संपलं. दुसरं संपलं. आई डोळे मिटून बसलेली. तात्यांच्या छातीत घरघर होत होती. एकदा मला वाटलं, सुरू झालं, पण तो नुसता दमा होता. आईनंही डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. शेवटी नावं सरकायला लागली. गेल्या सात वर्षांत असा पहिला भाग झाला नव्हता.

मी टीव्ही बंद केला. तात्या काठीवर भार देऊन उठले, दारापर्यंत गेले आणि चौकटीला धरून थांबले.

"सुमन," ते म्हणाले, "खोटं हसलो आसतो गं. दोनदा तोंडाशी आणलं हुतं. पर तुला कळलं आसतं."

आई भेळीचे कागद गोळा करत होती.

"कळलं आसतं," ती म्हणाली. "तरीबी चाललं आसतं, भावजी."

तात्या तसेच उभे राहिले. मग काठी त्यांनी भिंतीला लावून ठेवली, माघारी आले आणि खुर्चीवर बसले. आईनं कागद खाली ठेवले, भिंतीला टेकली आणि डोळे मिटून घेतले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, दम गोळा करत करत, माझे चौऱ्याऐंशी वर्षांचे चुलते बंद टीव्हीसमोर तिच्यासाठी हसायला लागले.